अंदमानच्या सहा रात्री: आधी बोट ठरवा, मग हॉटेल

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं कुटुंब: नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि गुडघे दुखणारी, सत्तरीकडे झुकलेली आजी. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सहा रात्री अंदमान. एजंटाने दिलेला कार्यक्रम: दोन रात्री पोर्ट ब्लेअर (मधल्या दिवशी बाराटांगच्या गुहांची सहल), दोन हॅवलॉक बेटावर, दोन नील बेटावर आणि सातव्या दिवशी सकाळच्या बोटीने नीलहून पोर्ट ब्लेअरला येऊन दुपारचं विमान. हे जमेल का, सगळ्यांना स्कूबा करता येईल का आणि काय वगळावं, असं विचारलंय.

सगळ्यात आधी शेवटचा दिवस बदला. बाकी काही नाही बदललं तरी चालेल, पण बोट आणि विमान एकाच दिवशी ठेवू नका. वारा वाढला की बंदराकडून सूचना येते आणि त्या दिवशीच्या फेऱ्या थांबतात. लहान वेगवान बोटी आधी थांबतात, मग मोठ्या. बोटवाले तिकिटाचे पैसे परत देतात किंवा दुसऱ्या दिवशीची जागा देतात. चुकलेल्या विमानाच्या तिकिटाचं मात्र कोणी काही देत नाही. डिसेंबर २०१६मध्ये वादळी हवेमुळे हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते आणि त्यांना काढायला नौदलाच्या बोटी पाठवाव्या लागल्या होत्या. एप्रिलअखेर असं होण्याची शक्यता कमी असते, पण एखाद-दुसरी फेरी रद्द होणं त्या मोसमातही नवल नाही. म्हणून शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच.

नावांचा घोळ आधीच समजून घ्या, कारण तिकिटांवर दोन्ही दिसतात. २०१८च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि पोर्ट ब्लेअरजवळच्या रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. सप्टेंबर २०२४मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे अजून जुनीच नावं बोलतात, म्हणून इथेही तीच वापरतोय.

आता वेळेबद्दल. सुट्टीमुळे तुम्ही एप्रिल निवडलात ते नशीबच म्हणायचं. फेब्रुवारी ते एप्रिल समुद्र सगळ्यात शांत आणि पाणी सगळ्यात स्वच्छ असतं. नैर्ऋत्य मोसमी पाऊस अंदमानात मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पोहोचतो, म्हणजे केरळच्याही आधी. त्यामुळे आपल्याकडे उन्हाळी सुट्टी अर्धी उरलेली असते तेव्हा तिथे छत्र्या उघडलेल्या असतात. दहा मेनंतरचं काही आरक्षण असेल तर ते जुगार समजूनच करावं. दिवाळीच्या सुट्टीतही बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा मोसम असतो. एप्रिलमधली अडचण एकच, उकाडा. तापमान बत्तीस-तेहतीसच्या पुढे फारसं जात नाही, पण हवेतला दमटपणा मुंबईच्या मे महिन्यासारखा असतो. अकरा ते तीन आजींना बाहेर काढू नका.

घड्याळाचं गणित तर हमखास चुकतं. अंदमान पुण्याच्या बरंच पूर्वेला, पण वेळ तीच भारतीय प्रमाणवेळ. एप्रिलअखेर तिथे पाचच्या सुमाराला उजाडतं आणि साडेपाचला सूर्य बुडालेला असतो. 'संध्याकाळी सहाला समुद्रावर जाऊ' हा आपला हिशोब तिथे चालत नाही, सहाला अंधार असतो. सूर्यास्त बघायचा तर साडेचारला वाळूवर पोहोचायचं. उलट मुलगी सकाळी साडेपाचला उठली तर तिला झोपवू नका, तेव्हा भरपूर उजेड असतो आणि पाणी आरशासारखं स्थिर असतं.

मग सहा रात्रींची वाटणी अशी करा: एक पोर्ट ब्लेअर, तीन हॅवलॉक, एक नील, एक पोर्ट ब्लेअर. बाराटांग पूर्ण काढून टाका.

बाराटांग का नको, ते सांगतो. पोर्ट ब्लेअरहून पहाटे तीन-साडेतीनला निघावं लागतं, कारण जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्यांचा ताफा ठरलेल्या वेळीच सुटतो आणि पहिला ताफा सकाळी सहाचा. पुढचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथे थांबायचं नाही, काच खाली करायची नाही, फोटो काढायचा नाही. हे नुसते शिष्टाचार नाहीत. १९५६च्या आदिवासी संरक्षण नियमांखाली तो गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास आहे. त्यानंतर गाड्यांची फेरीबोट, मग खारफुटीतून स्पीडबोट, मग चुनखडीच्या गुहेपर्यंत दीड किलोमीटरच्या आसपास पायपीट, आणि हे सगळं करून परत यायला संध्याकाळ. खारफुटीतला बोटीचा तुकडा सुंदर आहे, गुहा ठीक आहे. पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला एका दिवसात दहा-बारा तास हलवून ते दाखवण्यासारखं काही नाही. शिवाय त्या रस्त्याच्या जाहिरातीत 'जारवा दिसण्याची संधी' असं कोणी दबक्या आवाजात सांगत असेल, तर त्या एजंटाकडून बाकी काहीही घेऊ नका.

बोटी. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक हे सगळ्यात महत्त्वाचं तिकीट, आणि हॉटेलच्या आधी काढायचं तेच. मॅक्रुझ, नॉटिका, ग्रीन ओशन अशा खासगी कंपन्यांच्या बोटी आहेत. वेगवान बोटी दीड तासाच्या आसपास घेतात, तिकीट माणशी एका फेरीला साधारण दीड ते अडीच हजार. सरकारी फेरी स्वस्त, पण अडीच तासांच्या पुढे जाते आणि बाहेरच्यांसाठी जागा मिळणं बेभरवशाचं. पूर्ण बंद वातानुकूलित बोटीत प्रवास लवकर होतो, पण बाहेर जायला मिळत नाही आणि ज्यांना बोट लागते त्यांना तिथेच जास्त त्रास होतो. ग्रीन ओशनसारख्या थोड्या सावकाश बोटींवर वर उघड्या डेकवर उभं राहता येतं. तुमच्यात गाडी लागणारं कोणी असेल तर वेगापेक्षा हे बघा.

शक्य असेल तिथे सकाळची पहिली बोट घ्या. दुपारनंतर वारा उठतो आणि तोच मार्ग जास्त हलतो. बसायला मधली किंवा मागची, खालच्या मजल्यावरची जागा, कारण पुढचा भाग लाटांवर आपटत असतो. नजर मोबाईलवर नको, खिडकीबाहेर क्षितिजावर. पोट रिकामं नको आणि वडापावाने भरलेलंही नको, दोन इडल्या किंवा कोरडा टोस्ट पुरे. ॲव्होमिनसारखी गोळी बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग होत नाही, ती एक-दोन तास आधी पोटात जायला हवी. तिने झोप येते आणि आजींना काचबिंदू किंवा लघवीचा त्रास असेल तर ती चालेलच असं नाही, म्हणून निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच द्या. मुलीची मात्राही डॉक्टरांकडूनच.

खासगी बोटींची चढण्याची जागा बहुतेक हॅडो बंदर, सरकारी फेरीची फिनिक्स बे. दोन्ही वेगळ्या ठिकाणी आहेत. रिक्षावाल्याला नुसतं 'जेटी' सांगितलं तर तो चुकीच्या धक्क्यावर सोडू शकतो. तिकिटावरचं नाव वाचून सांगा, सुटण्याच्या तासभर आधी पोहोचा आणि सगळ्यांची मूळ ओळखपत्रं हाताशी ठेवा, मुलीचं आधारसुद्धा. सामानाचं वजन बघतात. विमानात पंधरा किलो चालतात म्हणून बोटीतही तेवढंच चालेल असं गृहीत धरू नका, कंपनीची मर्यादा आधी वाचा.

पहिला दिवस. विमान सकाळी उतरत असेल तर दुपारचं जेवण, थोडी झोप आणि तीनच्या सुमाराला सेल्युलर जेल. मराठी माणसाला या जागेची ओळख करून द्यायला नको, पण बघताना काय शोधायचं ते सांगतो. हे बांधकाम १८९६ ते १९०६ या काळातलं. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघायच्या, आज त्यांपैकी तीनच उरल्या आहेत. एका इमारतीच्या कोठड्यांची दारं पुढच्या इमारतीच्या पाठीकडे तोंड करून आहेत. त्यामुळे कैद्याला समोर फक्त भिंत दिसे, दुसरा माणूस दिसत नसे. व्हरांड्यात उभं राहून हे स्वतः पडताळून बघा. दाराच्या कडीकडेही लक्ष द्या. कुलपाची जागा बाजूच्या भिंतीतल्या खोबणीत आत घेतलेली आहे, आतून हात बाहेर काढला तरी पोहोचत नाही. सावरकर जुलै १९११मध्ये इथे आले आणि १९२१मध्ये त्यांना मुख्य भूमीवर नेलं. त्यांचे थोरले भाऊ बाबाराव त्यांच्या आधीपासूनच इथे होते. सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाला. तिथवर जिने आहेत, ते उंच आणि दमवणारे आहेत. आजींना चढायचं असेल तर सावकाश, मध्ये थांबत. नसेल जमत तर अंगणातली कोलूची शेड आणि फाशीघर जमिनीवरच आहे. त्या कोलूवर रोज तीस पौंड खोबरेल काढण्याची सक्ती होती. वाटाड्याकडून आकडा नुसता ऐकू नका, तो दांडा किती जाड आहे ते जवळून बघा.

संध्याकाळच्या ध्वनी-प्रकाश कार्यक्रमाचं तिकीट आधी काढा, गर्दीच्या दिवसांत दारावर मिळत नाही. हिंदी आणि इंग्रजीच्या वेळा वेगळ्या असतात. उघड्यावर बसायचं असल्यामुळे डासांचं मलम लावून जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॅवलॉक. इथे हॉटेल निवडताना एक फसगत नेहमी होते. किनाऱ्यांना आकडे आहेत: तीन आणि पाच नंबर पूर्वेकडे, तिथेच बहुतेक रिसॉर्ट. सात नंबर म्हणजे राधानगर, बेटाच्या पश्चिमेला, धक्क्यापासून सुमारे बारा किलोमीटर. पाच नंबरवरच्या 'समुद्राला लागून' खोल्यांचे फोटो भरतीच्या वेळी काढलेले असतात. ओहोटीला पाणी दूर जातं आणि मध्ये खडक, मेलेली प्रवाळं आणि शेवाळ उघडं पडतं. तिथे पोहता येत नाही, चालताही धड येत नाही. जागा सुंदर आहे, सकाळी खुर्ची टाकून बसायला उत्तम, पण मुलगी रोज दारासमोर डुंबेल या आशेने जास्त पैसे भरू नका. डुंबायला राधानगर. तिथे वाळू मऊ आहे, खडक नाहीत आणि उतार हळूहळू जातो. जीवरक्षकाने लावलेल्या दोरीच्या आतच राहायचं. राधानगरच्या टोकाला नील्स कोव्ह नावाची छोटी खाडीसारखी जागा आहे, फोटोंत फार लोभस दिसते. तिथेच २०१०मध्ये खाऱ्या पाण्यातल्या मगरीने एका पर्यटक तरुणीचा जीव घेतला. मगरीची पाटी असलेल्या खाडीत, ओढ्याच्या मुखाशी किंवा खारफुटीजवळ गुडघाभर पाण्यातही जायचं नाही, आणि अंधार पडल्यावर तर कुठेच नाही.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक फोनवर पोर्ट ब्लेअरसाठी बघून ठेवा. कोकणातल्या लोकांना तिथीच्या पाऊणपटीचं गणित (तिथीचा आकडा गुणिले पाऊण म्हणजे भरतीची वेळ) पाठ असतं, ते तिथे जसंच्या तसं लागू पडत नाही. पण उधाण आणि भांगाचा नियम तोच: अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, अष्टमीच्या आसपास कमी. पोर्ट ब्लेअरला उधाणात हा फरक दोनेक मीटरचा असतो. कालनिर्णय काढून तुमच्या तारखा कोणत्या तिथीला येतात ते बघा. अमावस्या जवळ असेल तर एक फायदाही आहे. हॅवलॉकला काळोख्या रात्री कयाकमधून नेतात आणि वल्हं मारलं की पाण्यात निळसर उजेड पेटतो. पौर्णिमेला तेच पैसे वाया जातात.

स्कूबाबद्दल: सगळ्यांना नाही. पहिल्यांदा करणाऱ्यांसाठीच्या डुबकीला पोहता येणं लागत नाही, प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून असतो आणि बारा मीटरच्या खाली नेत नाहीत. पण किमान वय दहा वर्षं आहे, त्यामुळे मुलगी नाही. 'नऊच ना, चालतंय' म्हणणारा मिळेलही, त्याच्याकडून तुम्हीसुद्धा करू नका. आजींना नाही. तुम्हा दोघांपैकी कोणाला दमा, हृदयविकार, अपस्मार, कानाचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा गर्भारपण असेल तर नाही. फॉर्मवर खरं लिहा, तो प्रशिक्षकासाठी नाही, तुमच्यासाठी आहे.

ज्यांची डुबकी बिघडते त्यांची बहुतेक कानामुळे बिघडते. दर मीटरभर खाली गेलं की पाण्याचा दाब वाढतो आणि कानाचा पडदा आत ढकलला जातो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दुखायच्या आधी. दुखायला लागल्यावर फुंकलं तर कानातून घशाकडे जाणारी नळी आणखी घट्ट बंद होते आणि मग जोर लावला की पडद्याला इजा होते. अशा वेळी एक मीटर वर यायचं, पुन्हा प्रयत्न करायचा. सर्दी असेल तर त्या दिवशी रद्द. थेंब टाकून नाक मोकळं केलं तरी पाण्याखाली त्याचा असर संपला की अडकता. दुसरी तक्रार मास्कमध्ये पाणी शिरण्याची. दाट मिशी असेल तर वरच्या ओठाजवळून शिरणारच, प्रशिक्षकाला आधी सांगा, ते व्हॅसलीन लावतात. तिसरी गोष्ट हातवाऱ्याची. घाबरून अंगठा वर करू नका, पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला' असा होतो आणि तुमची डुबकी तिथेच संपते. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. डुबकी आणि विमान यांच्यात किमान अठरा तास, शक्यतो पूर्ण दिवस ठेवा. मी दिलेल्या वाटणीत ती तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी येते, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही.

मुलीसाठी स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं, पुरेसं आहे आणि खरं तर एप्रिलच्या पाण्यात त्यात फार काही कमी दिसत नाही. जागा एलिफंट बीच. हॅवलॉकच्या धक्क्यावरून बोटीने जातात, अर्ध्या तासाच्या आत. जंगलातून पायवाटही आहे, पण चिखल आणि मुळं असतात. सकाळची पहिली बोट घ्या, नंतर जत्रा भरते आणि वाळू ढवळून पाणी गढूळ होतं. मास्क भाड्याचा न घेता पुण्यातून तिच्या मापाचा घेऊन जा. माप बघायची पद्धत सोपी: पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर, पडला तर दुसरा बघा. केस आत अडकले तर बरोबर मापाचाही गळतो. काचेवर वाफ धरू नये म्हणून लहान मुलांच्या शांपूचा एक थेंब आतून चोळून विसळून टाका. अंगात पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट, कारण उताणं नाही, पालथं तरंगायचं असतं आणि पाठ भाजते. लाईफ जॅकेट काढायचं नाही, प्रवाळावर पाय ठेवायचा नाही. त्याने ते मोडतं आणि पायालाही चिघळणारी जखम होते.

आजींना एलिफंट बीचला नेऊ नका. किनाऱ्यावर बोट गुडघाभर पाण्यात थांबते आणि हलत्या शिडीवरून उतरावं लागतं. त्या सकाळी त्या हॉटेलवर आरामात राहतील आणि नंतर नीलला तळाला काच असलेल्या बोटीतून प्रवाळ बघतील. भरतपूरचा किनारा नीलच्या धक्क्याला लागूनच आहे, चालणं जवळपास नाही. आधी पाण्याची वेळ बघा. ओहोटीला त्या बोटी निघत नाहीत किंवा नुसत्या वाळूवरून फिरवतात.

नील लहान आहे, शेतीचं आहे, पोर्ट ब्लेअरच्या बाजारातली बरीच भाजी तिथून येते. वस्ती मुख्यतः पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची, त्यामुळे छोट्या खानावळींत भात आणि मोहरीतली मासळी चांगली मिळते. शाकाहारी असाल तरी उपाशी राहणार नाही. नैसर्गिक खडकपूल बघायला मात्र ओहोटीच लागते आणि वाट निसरड्या खडपांवरून जाते. तुम्ही दोघं मुलीला घेऊन जा, पायात रबरी तळाच्या पट्ट्याच्या चपला, स्लिपर नको. सूर्यास्त लक्ष्मणपूरला, सूर्योदय सीतापूरला. एक रात्र त्याला पुरते.

सहाव्या दिवशी सकाळच्या बोटीने पोर्ट ब्लेअर. वेळ आणि अंगात त्राण असेल तर दुपारी रॉस बेट. ॲबरडीन धक्क्यावरून पंधरा-वीस मिनिटांत पोहोचता. ब्रिटिशांचं मुख्य ठाणं इथे होतं, आता चर्चच्या आणि कचेऱ्यांच्या भिंतींना वडाच्या मुळांनी गिळलंय आणि हरणं माणसांजवळ बिनधास्त फिरतात. शेवटच्या बोटी लवकर सुटतात आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते, म्हणून तो दिवस आधी विचारून घ्या. नॉर्थ बे वगळा. हॅवलॉक बघून आल्यावर तिथलं पाणी बघायची गरज उरत नाही.

किरकोळ पण त्रास देणारं एक. हॅवलॉक आणि नीलच्या वाळूत बारीक वाळूमाश्या असतात. चावताना कळत नाही, रात्री पायावर लाल गांधी उठतात आणि आठवडाभर खाजतात. सकाळ-संध्याकाळ वाळूवर थेट बसू नका, चटई घ्या आणि पायांना खोबरेल तेलाचा जाडसर हात लावा. खाजवलं की चिघळतं, म्हणून ॲलर्जीची गोळी आणि कॅलामाइन सोबत हवं. आजींची नेहमीची औषधं ठरल्यापेक्षा चार दिवसांची जास्त घ्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा. बेटांवर प्राथमिक केंद्रं आहेत, पण मोठ्या उपचाराला पोर्ट ब्लेअरच गाठावं लागतं. ऑगस्ट २०२०मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल पोहोचल्यापासून नेट बरंच सुधारलंय आणि यूपीआय चालतं, तरी रोख रक्कम पोर्ट ब्लेअरमध्येच काढून घ्या.

आणि मुलीच्या खिशातून शंख-प्रवाळाचे तुकडे निघण्याआधीच किनाऱ्यावर परत टाकायला लावा. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळाचा मेलेला तुकडाही नेता येत नाही आणि विमानतळावर बॅगा तपासताना तो हमखास सापडतो. शंखांची वस्तू घ्यायचीच असेल तर परवानाधारक दुकानातून घ्या आणि पावती बॅगेत नाही, हातात ठेवा.